जायला चौदा, यायला सोळा

३ फेब्रुवारी

ह्यांचं म्हणणं, मी चिडचीड वहीत करावी, म्हणजे घरात जरा शांतता नांदेल. फ्रेमच्या कंपनीने फुकट दिलेली ही डायरी कपाटात पडून होती, तीच काढली. बघू किती दिवस पुरते.

तर सुरुवात दुकानाच्या मालकांपासून. दुपारी आले, खुर्चीवर ऐसपैस बसले, स्वतःच्या चष्म्याचे स्क्रू फुकटात आवळून घेतले आणि मग म्हणाले, "वहिनी, करार संपत आलाय. पुढची पाच वर्षं कोणाच्या नावावर करायची?"

मी म्हटलं, ठकूच्या. यात विचारण्यासारखं काय आहे?

ठकू म्हणजे आमची लेक. तिचं खरं नाव कागदांवर आहे, घरात ते कोणी वापरत नाही. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि थोडा अनुभव घेऊन येते म्हणून जी परदेशी गेली, ती अजून अनुभवच घेतेय. पण येणार आहे. तिच्यासाठीच तर हे चष्म्याचं दुकान धरून बसलेय, नाहीतर माझे गुडघे मला केव्हाच घरी बसा म्हणताहेत.

मालक म्हणाले, जिच्या नावावर करार, तिची सही माझ्यासमोर व्हायला हवी. आणि हे सगळं महिनाअखेरपर्यंत. म्हणजे ठकूला यायलाच हवं. तिला लगेच मेसेज टाकला: विमानाला किती तास लागतात ते कळव, कधी निघतेस ते कळव, दुकान तुझ्या नावावर करायचं आहे.

४ फेब्रुवारी

सकाळी उत्तर आलं. एवढंच: "जायला १४, यायला १६. तारखेचं बघते."

मी कपाळाला हात लावला. ही पोरगी लोकांना डावा डोळा मिटा, उजवा मिटा सांगते, आणि हिला जायला आणि यायला कळत नाही? ती गेली तेव्हा सोळा तास लागले होते. मला चांगलं आठवतंय, कारण ते सोळाच्या सोळा तास मी इथे जीव मुठीत धरून बसले होते. म्हणजे जायला सोळा. यायला चौदा. तसं लिहून पाठवलं.

उत्तर: "नाही आई, मी लिहिलंय ते बरोबर आहे."

पुढे काही नाही. आमच्याकडे हट्टीपणा कोणाच्या घराण्यातून आला ते मी इथे लिहीत नाही, हे कधीतरी ही वही वाचतील.

६ फेब्रुवारी

आज एक गृहस्थ आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, तुमचा तक्ता उलटा छापलाय की!"

हे वाक्य मी किती वर्षं ऐकतेय! दुकान चिंचोळं आहे. खुर्चीपासून समोरच्या भिंतीपर्यंत अंतर पुरत नाही, म्हणून अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे टांगलाय आणि समोर आरसा लावलाय. तक्त्यावरची अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली असतात, ती आरशात सुलटी दिसतात. पण दारातून आत येणाऱ्याला आधी तक्ता दिसतो आणि प्रत्येकाला वाटतं, चूक काय ती आपल्यालाच सापडली.

"उलटा नाही हो," मी म्हटलं, "तुम्ही अजून खुर्चीत बसला नाहीत."

आतून काचवालीनेही माझ्याबरोबर हेच वाक्य म्हटलं, माझीच नक्कल करून. ही आमच्याकडे काचा घासून फ्रेममध्ये बसवते. तोंडाने फटकळ आहे, पण तिने बसवलेली काच आजवर निसटलेली नाही. गृहस्थ गेल्यावर तिने विचारलं, "ताई, ठकू आली की मी राहायचं का दुसरीकडे बघायचं? आत्ताच सांगा म्हणजे बरं."

मी म्हटलं, आधी तिला येऊ तर दे. हिचीही घाई.

९ फेब्रुवारी

आज सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. ह्यांनी फोनवर शोधून दिलं. एके ठिकाणी दोन विमानतळांमधलं अंतर तेरा हजार किलोमीटर आणि वेळ पंधरा तास. पंधरा! म्हणजे माझंही नाही आणि तिचंही नाही. हे म्हणाले, ती सरासरी असेल. मला सरासरी नको आहे. माझी मुलगी सरासरीत बसून येणार आहे का?

मग ह्यांनी कुठूनसा जुना रबरी चेंडू शोधला, त्यावर पेनाने दोन ठिपके काढले आणि दोरी ताणून दाखवू लागले. म्हणे भिंतीवरच्या नकाशात रस्ता समुद्रावरून सरळ गेल्यासारखा दिसतो, पण पृथ्वी गोल, त्यामुळे जवळचा रस्ता वर बर्फावरून जातो. सगळं समजलं. पण दोरी तर दोन्हीकडून सारखीच ना? मग जायला एक आणि यायला एक असं कसं?

"वारा," हे म्हणाले. "वर वारा एकाच दिशेने वाहतो. तिकडे जाताना तोंडावर, इकडे येताना पाठीवर."

म्हणजे जायला सोळा, यायला चौदा! मी म्हटलं, बघा, माझंच बरोबर.

हे दोरी गुंडाळत म्हणाले, "तसं तुझं बरोबर आहे. पण ऐक, ठकूचं जरा..." मी म्हटलं, ठकूचं नंतर, आधी तो पेनाचा डाग टेबलावरून पुसा.

१२ फेब्रुवारी

ठकूशी तोंडं बघून बोलणं झालं. आमची सकाळ, तिची संध्याकाळ. तिच्या मागची भिंत पिवळी दिसत होती. मागच्या वेळी पांढरी होती. म्हणाली, मीच रंगवली. मी म्हटलं, निघायच्या तोंडावर दुसऱ्याच्या भिंती कशाला रंगवत बसलीस? तिने फोन फिरवून मागचं अंगणही दाखवलं. लिंबाचं रोप लावलंय. कुंडीत नाही, जमिनीत. म्हणाली, फळं धरायला काही वर्षं लागतील.

"आणि तू आल्यावर त्याला पाणी कोण घालणार?" मी विचारलं.

"आई, ऐक ना, मला तुला..."

मी म्हटलं, आधी माझं ऐक. मालक खोळंबलेत, तारीख सांग. तर ती अंगणातून घरात शिरली. मग एकदम म्हणाली, "आई, आपल्या दुकानातला आरसा जमिनीपासून किती उंचीवर आहे? आणि खुर्चीपासून किती लांब? मोजून सांगशील?"

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे पोरीच्या डोक्यात दुकानाचं चाललंय तर! मांडामांड बदलायची असेल. मी तारखेचं पुन्हा काढलंच नाही. लगेच टेप घेऊन दुकानात गेले.

हे दिवसभर काहीतरी सांगायच्या बेतात होते. मी टेप तोंडात धरली होती, त्यामुळे मला बोलता येत नव्हतं आणि त्यांनी ती संधीही घालवली.

१३ फेब्रुवारी

मापं पाठवली. आरशाची कड काळी पडलीय, ती ठकूला आवडायची नाही, म्हणून नवा आरसा बसवून घेतला. काचवाली म्हणाली, "जुना काय वाईट होता? त्यात आपण तरुण दिसत होतो." तिला म्हटलं, काम कर.

१७ फेब्रुवारी

आज मी स्वतः तिकीटवाल्याकडे गेले. काउंटरवरून मान वाकडी करून त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घातलं. अगदी स्वच्छ लिहिलेलं: इथून तिथे सोळा तास, तिथून इथे चौदा. आणखी एक गंमत म्हणजे इथून सकाळी निघालेलं विमान तिथे त्याच दिवशी दुपारी पोचतं, घड्याळं वेगळी म्हणून. तिकीटवाला म्हणाला, "कागदावर चारच तास लागतात बघा." मी हसले नाही. माझ्या घरात आधीच तीन आकडे आहेत, मला चौथा नको.

त्याच्याकडून ते पान छापून घेतलं, सोळा आणि चौदाखाली लाल रेघा मारल्या आणि फोटो काढून ठकूला पाठवला.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "बरं आई. तुझं बरोबर."

जिंकले. पण जिंकल्यावर वाटायला हवं तसं काही वाटलं नाही. तिने भांडायला हवं होतं. ठकू अशी पटकन मानणारी नाही. लहानपणी चप्पल उलटी घातली तरी तीच बरोबर आहे म्हणून दिवसभर तशीच चालायची.

२० फेब्रुवारी

ठकूचा मेसेज: "आई, आपला उलटा तक्ता कुठून घेतला होता? इथे तसा मिळत नाहीये."

अगं बये, आपला टांगलेला आहे ना इथे! नवा कशाला? पण हल्लीच्या मुलींना सगळं नवं हवं. मी लिहिलं, तक्ता चांगला आहे, तू ये आणि बघ. त्यावर तिने लिहिलं, "या महिन्यात नाही जमणार यायला. एप्रिलनंतर बघू. आई, तुला वेळ असेल तेव्हा शांतपणे फोन कर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. करार महिनाअखेरीला, ही बाई एप्रिलनंतर बघणार आणि वर मलाच सांगते शांतपणे! मी फोन केलाच नाही. रागात होते. शांत झाले की करीन.

दुकानात दोन गिऱ्हाइकांवर ओरडले. एकाला खरंच दिसत नव्हतं.

२३ फेब्रुवारी

आज ह्यांच्याशी कडाक्याचं वाजलं. जन्मात आवाज न चढवणारा माणूस, पण आज चेंडू टेबलावर आपटून म्हणाले, "तू कधीतरी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देशील का?"

मी म्हटलं, तुमची वाक्यं पुरी व्हायला सोळा तास लागतात, मी काय करू!

ते उठले आणि फिरायला गेले. चप्पल नेली, छत्री विसरले, परत येऊन छत्री नेली. पाऊस नव्हताच.

मी घरात एकटीच. ठकूच्या खोलीत जाऊन बसले. पलंगावर नवी चादर घालून ठेवलीय, ती काढून धुतली. मळली नव्हती. मला भीती वाटते. कशाची ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून मी आकड्यांवर भांडत असेन. असो. चादर वाळत घातली.

२५ फेब्रुवारी

आजचं सगळं नीट क्रमाने लिहिते.

सकाळी दुकानात एक शिक्षिका आल्या. दारातच थांबून, बोट दाखवून म्हणाल्या, "अहो, हे सगळं उलटं लिहिलंय."

मी सवयीने म्हटलं, "उलटं नाही हो. तुम्ही अजून खुर्चीत..."

आणि मला वाक्य पुरं करता येईना.

जायला चौदा. यायला सोळा. ती कुठे बसून म्हणत होती? तिथून इकडे चौदा, म्हणजे इकडे येणं हे तिचं जाणं. आणि इथून तिकडे सोळा, म्हणजे तिकडे परतणं हे तिचं येणं. आईशी बोलताना तिला इकडे "यायला" म्हणायला हवं होतं, लहानपणापासून तसंच म्हणत आलीय ती. घरी येते. शाळेतून येते. परीक्षा झाली की येते. आणि या वेळी न ठरवता, दोन शब्दांत लिहून गेली की घर कुठे आहे. तिचं कुठेच चुकलं नव्हतं. तिच्या खुर्चीत मीच बसले नव्हते.

मग एकेक सगळं उलगडत गेलं. पिवळी भिंत. जमिनीतलं लिंबू. आरसा. आमच्या दुकानाची मांडामांड कसली, ती तिथे स्वतःचं दुकान मांडतेय. म्हणून तर उलटा तक्ता हवाय. आणि मी इथे तिच्यासाठी नवा आरसा बसवून घेतला.

शिक्षिका म्हणाल्या, "बसू ना?" मी म्हटलं, बसा. त्यांचा नंबर काढला. आता बरं दिसतंय की मघाशी, असं विचारत राहिले, पण माझ्याच डोळ्यांना पाणी होतं, त्यामुळे शेवटी काचवालीला बोलावून आकडा वाचायला लावला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि फटकळपणा गिळला. शिक्षिका गेल्यावर चहा करून आणला. साखर दुप्पट.

ह्यांना घरी येऊन विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"डिसेंबरपासून," हे म्हणाले. "ठकू म्हणाली, आईला मीच सांगते. मग तिला जमेना. मग मी प्रयत्न केला. तू टेबल पुसायला लावलंस."

राग आला. ह्यांचा आला, तिचा आला आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. दोघंही मला घाबरून मूग गिळून बसले होते. मी काय खाणार होते का त्यांना? विचार केला, तर कदाचित हो. रडले. हे शेजारी बसून राहिले. वाळलेली चादर मांडीवर घेऊन घड्या घालत होते, एकही धड नाही.

२६ फेब्रुवारी

दिवसभर चिडूनच होते. ठकूवर. अगं, तिथे दुकान काढायचं तर काढ, मी पाय धरले असते का? धरलेही असते. पण सांगायचं तरी! दहा वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. काय बोलणार? एका बाजूला दुकान, एका बाजूला ती, आणि मधे बर्फावरून जाणारी ती दोरी.

तिने शिकावं म्हणून मीच जा म्हटलं होतं. अनुभव घे, मोठी हो, चार लोकांना नीट दिसेल असं काहीतरी कर. आता तिने केलं तर मला वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. हे वहीत लिहून ठेवते, कारण तिला सांगणार नाही.

२८ फेब्रुवारी

मालक आले. पुन्हा स्क्रू. मी म्हटलं, "करार ठकूच्या नावावर नको."

"मग बंद करताय?"

"बंद कशाला? माझ्या नावावर करा आणि जोडीला हिच्या." काचवाली आतून हातातली काच तशीच घेऊन बाहेर आली. म्हणाली, "ताई, चेष्टा असेल तर आत्ताच सांगा, माझा हात काचेवर आहे."

मी म्हटलं, "चेष्टा करायला मला वेळ आहे का? मी महिनाभर नसणार आहे, दुकान कोण उघडणार?"

तिने सही केली. इतकं छोटं अक्षर काढलं की मालकांना ते वाचायला चष्मा लावावा लागला. मग म्हणाली, नव्या आरशात मी म्हातारी दिसते, जुना परत लावू या. मी म्हटलं, आता निम्मं दुकान तुझं, तुझ्या निम्म्यात लाव.

मग मी तक्ता उतरवला. भिंतीवर त्याच्या जागी चौकोन उरलाय, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. काचवाली नवा तक्ता मागवणार आहे. हा ठकूच्या ओळखीचा आहे, हा तिच्याकडे जाईल. लहानपणी ती याच्यापुढे उभी राहून उलटी अक्षरं गिरवायची, त्यामुळे तिचं पहिलीचं वर्ष बुडाल्यासारखंच झालं होतं.

२ मार्च

सकाळी फोन केला. शांतपणे, तिने सांगितलं होतं तसा. हे शेजारी बसले होते, हातात तो चेंडू, जसं काही त्याशिवाय फोन लागणारच नाही.

"आई?" तिचा आवाज सावध होता. "आई, मला तुला सांगायचंय..."

मी गप्प बसले. तिचं वाक्य पुरं होऊ दिलं. मग पुढचं, मग त्याच्याही पुढचं. दुकानाची जागा लहान आहे, आपल्यासारखीच चिंचोळी. रस्त्याला लागून आहे. तिला तिथेच राहायचंय. तिला वाईट वाटतंय. तिला मला दुखवायचं नव्हतं. मी मधे एकही शब्द बोलले नाही. ह्यांनी दोनदा माझ्याकडे वळून बघितलं, बरं आहे ना म्हणून.

तिचं संपल्यावर मी म्हटलं, "झालं? आता माझं ऐक. तक्ता दुमडून चालणार नाही, त्याला घडी पडली की अक्षरं मोडतात. गुंडाळून आणतेय. विमानात तो कुठे ठेवायचा ते तू आधी विचारून ठेव. ह्यांना खिडकी हवी म्हणे, खाली बर्फ बघायचाय. आणि आम्हाला घ्यायला वेळेवर ये. यायला सोळा तास लागतात, जायला चौदा."

पलीकडे धप्पकन आवाज झाला. मला वाटलं, फोन पडला.

"आई," ती म्हणाली, आवाज पार फुटलेला. "काय म्हणालीस? परत म्हण."

"किती वेळा सांगायचं गं तुला?" मी म्हटलं. "यायला सोळा. जायला चौदा."